'मी काही प्रिस्क्रिप्शन लिहीत नाही': एका एमआरने जनसंपर्कात येण्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण आमच्याच ऑफिसमधलं आहे. पुण्यातली आमची जनसंपर्क संस्था लहान, माणसं अकरा. निम्म्याहून जास्त क्लायंट म्हणजे रुग्णालयं, निदान केंद्रं आणि औषधांशी संबंधित उद्योग. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांना हा मजकूर आधी वाचायला दिला होता, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ऑफिसात सगळे त्यांना 'एमआर साहेब' म्हणतात. एमआर म्हणजे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, डॉक्टरांकडे फिरून कंपनीची औषधं सांगणारा प्रतिनिधी. इथेही तेच नाव ठेवते.

एमआर साहेब तेरा वर्षं एका औषध कंपनीच्या कार्डिओ-डायबेटिक डिव्हिजनमध्ये होते. हेडक्वार्टर सांगली. मिरज, जयसिंगपूर, तासगाव, विटा हा फिरतीचा पट्टा. मिरजेला वैद्यकीय पंढरी म्हणतात, आणि एमआरला तिथे बारा महिने वारी असते. सकाळी ओपीडी, दुपारी केमिस्ट आणि स्टॉकिस्ट, संध्याकाळी पुन्हा दवाखाने, रात्री डीसीआर, म्हणजे दिवसभराच्या भेटींचा रोजचा अहवाल. वय ३९, घराचं कर्ज चालू, मुलगी सातवीत. एरिया मॅनेजर व्हायची संधी दोनदा हुकलेली.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये दवाखान्यांची दारं एमआरना बंद झाली. कंपनीने टॅबलेटच्या पडद्यावरून डिटेलिंग, म्हणजे डॉक्टरांना औषधांची माहिती देणं, सुरू करायला सांगितलं. डॉक्टर लिंक उघडत नसत. त्यानंतर एप्रिल २०२१. रेमडेसिव्हिरचा तुटवडा, वाटप जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नियंत्रणात, नातेवाईक रांगेत. एका स्थानिक वार्ताहराने स्टॉकिस्टकडून यांचा नंबर मिळवला आणि विचारलं, "माल नेमका अडतो कुठे?" यांनी त्याला कंपनी, डेपो, स्टॉकिस्ट, रुग्णालयाचं मेडिकल अशी साखळी फोनवर अर्धा तास समजावून सांगितली. दुसऱ्या दिवशी बातमी आली ती इतकी स्वच्छ होती की यांनी ती कापून ठेवली. नाव कुठेच नव्हतं. "मॅडम, तेरा वर्षांत माझ्या बोलण्याचा असा उपयोग झालेला मी पहिल्यांदा पाहिला," असं त्यांनी मुलाखतीत सांगितलं. हे कात्रणच त्यांनी बायोडेटासोबत जोडलं होतं.

अडचण

जनसंपर्कात बाहेरून येणारे सगळे जवळपास एकच वाक्य बोलतात: "मला माणसांशी बोलता येतं." मी ते ऐकलं की पेन खाली ठेवते. बोलता तर रिक्षावाल्यालाही येतं. या क्षेत्रात बाहेरून येण्यात मात्र नवं काही नाही. आयव्ही ली मूळचे पत्रकार होते. १९०६ मध्ये अटलांटिक सिटीजवळच्या रेल्वे अपघातानंतर त्यांनी वर्तमानपत्रांना दिलेलं निवेदन ही पहिली प्रेस नोट मानली जाते. एडवर्ड बर्नेज यांच्याकडे तर १९१२ ची शेतीची पदवी होती, आणि जनसंपर्काकडे वळण्याआधी ते वैद्यकीय मासिकाचं संपादन करत होते. आपल्याकडे नेहमीची वाट वार्ताहर ते पीआर अशी आहे. एमआर ते पीआर अशी वाट मी तोवर पाहिली नव्हती.

त्यांच्या बाजूने अडचणी तीन होत्या. लिहायची सवय शून्य. डीसीआर हेच आयुष्यातलं लेखन. इंग्रजी कामापुरतं, त्यामुळे मुंबईतल्या दोन मोठ्या संस्थांनी मुलाखतीतच नमस्कार केला. आणि पगार. एमआरच्या पगारात प्रवासभत्ता, दैनिक भत्ता आणि इन्सेंटिव्ह धरलं तर आम्ही देऊ शकत होतो ती रक्कम निम्म्याच्या आसपास होती.

पर्याय काय होते

पहिला पर्याय घराजवळचा होता: मिरजेतल्या एका रुग्णालयात पीआरओ. ऐकायला नेमकं हेच काम वाटतं. प्रत्यक्षात आपल्याकडच्या बऱ्याच खासगी रुग्णालयांत पीआरओ म्हणजे नातेवाइकांची समजूत काढणारा, मेडिक्लेमचे कागद पुढे सरकवणारा आणि आसपासच्या फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन "पेशंट आमच्याकडे पाठवा" म्हणणारा माणूस. वर्तमानपत्राशी त्याचा संबंध वाढदिवसाच्या पुरवणीपुरता. त्या फेऱ्यांमध्ये पाकिटं कशी फिरतात हे एमआरला कुणी शिकवावं लागत नाही. पेशंट पाठवण्याबद्दल डॉक्टरांना कमिशन देण्याच्या, म्हणजे कट प्रॅक्टिसच्या, विरोधातल्या कायद्याचा मसुदा राज्याने २०१७ मध्ये उगाच करवून घेतला नव्हता. पगार चांगला होता. त्यांनी नाही म्हटलं. या सबंध प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णय हाच होता असं मला वाटतं, आणि तो त्यांनी आमच्याकडे येण्याआधीच घेतला होता.

दुसरा पर्याय, वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम. पुण्या-मुंबईत ते मिळतात, पण बिनपगारी वर्ष कर्जाच्या हप्त्यात बसत नव्हतं. तिसरा, औषध कंपनीच्याच मुख्यालयातला संपर्क विभाग. तिथे एमबीए आणि सफाईदार इंग्रजी लागतं. चौथा, आहे तिथेच एरिया मॅनेजर व्हायची वाट बघणं. पाचवे आम्ही: अकाउंट एक्झिक्युटिव्ह, म्हणजे चोवीस वर्षांच्या मुलामुलींच्या बरोबरीचं पद.

माझ्यापुढेही पर्याय होते. त्याच पगारात पत्रकारितेची पदवी घेतलेली, दोन भाषांत लिहू शकणारी मुलगी मिळत होती. मी यांना घेतलं याचं कारण ते कात्रण. क्लायंट नसताना, पैसे मिळत नसताना, एका वार्ताहराला खरी माहिती नीट लावून दिली होती. हे शिकवता येत नाही असं मी तेव्हा समजत होते. जानेवारी २०२२ मध्ये ते रुजू झाले.

पहिले तीन महिने

मी त्यांना थेट मीडिया कॉल्सवर बसवलं. तेरा वर्षं दारोदार फिरलेला माणूस, नकाराची सवय असलेला. वार्ताहरांना फोन करायला याच्याहून योग्य कोण? माझी पहिली चूक ती.

एमआरचं तंत्र पुनरावृत्तीवर चालतं. डॉक्टरला महिन्यातून दोनदा भेटायचं, तोच ब्रँड, तीच तीन वाक्यं, निघताना एक रिमाइंडर कार्ड. डॉक्टरला काही नवं कळावं अशी अपेक्षा नसते. लिहिताना नाव आठवावं एवढंच. एमआर साहेबांनी आरोग्य बीट पाहणाऱ्यांची यादी घेतली आणि तिचा टूर प्रोग्राम करून टाकला. सोमवारी हे चार, मंगळवारी ते पाच. एका रुग्णालयाच्या मधुमेह शिबिराची चार ओळींची प्रेस नोट होती. ती पाठवली का, मिळाली का, वाचली का, लागणार का, अशी एका वार्ताहर बाईंना दोन दिवसांत सहा वेळा विचारणा झाली. त्यातले दोन फोन संध्याकाळी सातनंतरचे, पानं लागायच्या घाईतले. सहाव्यांदा त्या म्हणाल्या, "अहो, मी काही प्रिस्क्रिप्शन लिहीत नाही," आणि नंबर ब्लॉक केला.

मग पेनांचा प्रकार. मार्चमध्ये ते एका वर्तमानपत्राच्या जिल्हा कार्यालयात चांगल्या पेनांचे सात सेट घेऊन गेले. प्रामाणिकपणे, सवयीने. वास्तविक डॉक्टरांनी औषध कंपन्यांकडून भेटवस्तू घेऊ नयेत असं वैद्यकीय परिषदेने २००९ मध्येच नियमात घातलं होतं. पेनं-डायऱ्या तरीही फिरत राहिल्या हे क्षेत्रातला प्रत्येक जण जाणतो. कार्यालयप्रमुखाने सेट परत पाठवले आणि मला फोन केला. आवाज चढलेला नव्हता, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं. भेटवस्तूंबद्दल मी त्यांना पहिल्या दिवशी काही सांगितलंच नव्हतं. आमच्याकडे पदवी घेऊन येणाऱ्यांना ते सांगावं लागत नाही, म्हणून माझ्या डोक्यात आलं नाही.

लेखनाचंही बरं चाललं नव्हतं. त्यांच्या पहिल्या प्रेस नोटचं पहिलं वाक्य अजून माझ्याकडे आहे: "सदर रुग्णालयाच्या वतीने विविध मान्यवरांच्या उपस्थितीत आरोग्य शिबिराचे यशस्वी आयोजन मोठ्या उत्साहात संपन्न झाले." कुणी, कुठे, कधी, किती जण, काही पत्ता नाही. उत्साह मात्र मोठा.

निर्णयाचा पहिला टप्पा: ठेवायचं की सोडायचं

मार्चअखेर प्रोबेशन संपत होतं. माझी भागीदार सोडून द्या म्हणत होती आणि तिच्याकडे कारणं होती. मी एक गोष्ट करून पाहिली. त्यांना सहा आठवडे वार्ताहरांपासून पूर्ण लांब ठेवलं आणि क्लायंटच्या बाजूला बसवलं. काम एकच: डॉक्टरांकडून गोष्टी काढून आणायच्या.

आमच्या मुली डॉक्टरांसमोर बसल्या की डॉक्टर दोन मिनिटं इंग्रजीत बोलून "माझी सेक्रेटरी मेल करेल" म्हणायचे. यांच्याशी तेच डॉक्टर पंचवीस मिनिटं बोलत. यांना इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे हृदय किती जोमाने रक्त पुढे ढकलतं याचं माप, काय असतं हे विचारावं लागत नव्हतं, आणि डॉक्टर कुठे फुगवून सांगतोय हेही कळत होतं. केमिस्टकडे बसून, कोणत्या डॉक्टरची कोणती औषधं खरोखर विकली जातात याची मोजदाद करण्याला एमआर आरसीपीए म्हणतात. डॉक्टर तोंडावर "तुमचंच लिहितो" म्हणतो. खरं काय ते केमिस्टच्या काउंटरवर दिसतं. तेरा वर्षं दर आठवड्याला असं दोन्हीकडून पडताळून पाहण्याची सवय त्यांच्या अंगात होती. बायोडेटात या चार अक्षरांचा उल्लेखही नव्हता. तिथे लिहिलं होतं: 'उत्तम संवादकौशल्य'.

लेखनासाठी एक उलटा सराव दिला. जिल्हा आवृत्तीतल्या छापून आलेल्या दहा छोट्या बातम्या घ्यायच्या आणि प्रत्येकीमागची प्रेस नोट कशी असेल ते लिहायचं. मग डेस्कने काय उडवलं असेल ते लाल पेनने खोडायचं. तिसऱ्या आठवड्यात ते स्वतःच म्हणाले, "मॅडम, मान्यवर सगळे उडतात."

इंग्रजी कच्चं असल्याचा इथे अनपेक्षित फायदा झाला. पुण्या-मुंबईहून निघणाऱ्या बहुतेक मराठी प्रेस नोटा इंग्रजीवरून उतरवलेल्या असतात आणि उपसंपादकाला त्या पहिल्याच ओळीत ओळखू येतात. हे मात्र मराठीतच विचार करून लिहीत, आणि सांगली-मिरजेत जसं बोलतात तसं. सांगलीतल्या पेशंटला डॉक्टर ज्या शब्दांत समजावतो ते शब्द त्यांच्या कानात होते.

निर्णयाचा दुसरा टप्पा: 'पहिलीच शस्त्रक्रिया'

ऑगस्टमध्ये एका मध्यम आकाराच्या रुग्णालयाला पत्रकार परिषद हवी होती. छाती न उघडता, मांडीतल्या रक्तवाहिनीतून कॅथेटर नेऊन हृदयाची झडप बदलण्याची प्रक्रिया, ज्याला टावी म्हणतात, ती त्यांनी केली होती. रुग्ण चौऱ्याहत्तर वर्षांचे शेतकरी. संचालकांना मथळा ठरवूनच हवा होता: 'पश्चिम महाराष्ट्रातील पहिलीच यशस्वी शस्त्रक्रिया'. जिल्हा आवृत्त्या वाचणाऱ्यांना हे नवं नाही. अशा 'पहिल्याच' शस्त्रक्रिया वर्षातून बऱ्याचदा होतात. त्यात पुणेही पश्चिम महाराष्ट्रातच येतं, हे मथळा ठरवणाऱ्यांच्या लक्षात क्वचितच राहतं.

एमआर साहेबांनी मीटिंगमध्ये मान हलवली, बाहेर आल्यावर मला म्हणाले, "हे पहिलं नाही. पुण्याचं सोडा, आपल्या पट्ट्यातही नाही." लॉकडाउनच्या आधी एका सीएमईमध्ये, डॉक्टरांच्या अशा सत्रांना एमआर मागच्या खुर्च्यांवर बसलेले असतात, दुसऱ्या एका डॉक्टरांनी याच प्रक्रियेची स्लाइड दाखवलेली त्यांनी पाहिली होती. त्यांनी त्या डॉक्टरांना फोन केला. उत्तर मिळालं: "हो, केली होती. बातमी केली नाही, एवढंच."

आता तीन वाटा होत्या. क्लायंट म्हणतो तसं लिहायचं. वार्ताहर तपासणार नाहीत, बातमी लागेल. किंवा 'पहिल्या काही शस्त्रक्रियांपैकी एक' असं सौम्य करायचं. किंवा दावाच काढून टाकायचा. मी दुसऱ्या वाटेवर होते, हे कबूल करते. क्लायंट महत्त्वाचा होता. एमआर साहेब म्हणाले, "काही म्हणजे किती, असं कुणी विचारलं तर? मला आकडा माहीत नाही, तुम्हालाही नाही." मी गप्प बसले.

संचालकांना सांगायला तेच गेले. अर्धं बोलणं नियमांचं होतं. डॉक्टरने स्वतःची जाहिरात करू नये असं २००२ ची वैद्यकीय नियमावली सांगते. दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला अशा मोजक्याच गोष्टी वर्तमानपत्रातून कळवता येतात. खोटा निघालेला दावा सर्जनच्या नावावर बसला तर वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करायला समव्यवसायी टपलेले असतात. संचालक म्हणाले, "तुम्ही आमचे की त्यांचे?" यावर यांचं उत्तर होतं, "सर, उद्या त्यांनी स्लाइड वार्ताहराला पाठवली, तर मला तुमच्याच बाजूने उत्तर द्यायचंय. म्हणून आत्ता सांगतोय."

दावा गेला. त्याच्या जागी त्यांनी रुग्णाची गोष्ट मांडली: वयामुळे आणि मूत्रपिंडांच्या तक्रारीमुळे उघड्या शस्त्रक्रियेला दोन ठिकाणी नकार, घरात चाललेली वादावादी, झडपेचा खर्च कसा उभा केला, तिसऱ्या दिवशी वॉर्डात चालणं. ओळख पटेल असा रुग्णाचा फोटो संमतीशिवाय छापता येत नाही, म्हणून आधी लेखी संमती घेतली, तीही मुलाची नव्हे, स्वतः आजोबांची. पत्रकार परिषद रद्द केली. एका आरोग्य पुरवणीने अर्धं पान दिलं, दोन आवृत्त्यांनी छोट्या बातम्या दिल्या. इतरांनी विचारलंसुद्धा नाही.

निष्पत्ती

क्लायंट खूश नव्हता. कात्रणांची फाइल नेहमीपेक्षा बारीक होती. संचालकांनी कॉलम-सेंटीमीटर मोजून, जाहिरातीच्या दराने गुणून, "एवढ्यात तर मी जाहिरातच दिली असती" असा हिशेब मांडला. जाहिरातीच्या दराने बातमीचं मोल काढू नये असं जनसंपर्काच्या मोजमापाच्या बार्सिलोना तत्त्वांनी २०१० मध्येच सांगून ठेवलंय. ते त्यांना ऐकवण्यात अर्थ नव्हता. पुढच्या एप्रिलमध्ये त्यांनी करार वाढवला नाही. दावा काढल्यामुळेच, असं मी सिद्ध करू शकत नाही, पण मला तसंच वाटतं. आमच्यासारख्या संस्थेला एक रिटेनर, म्हणजे ठरावीक मासिक फी देणारा क्लायंट, जाणं म्हणजे एक पगार जाणं. त्या वर्षी आम्ही नवं माणूस घेतलं नाही.

दुसरी बाजू हळूहळू दिसली. डिसेंबरमध्ये एका वार्ताहराचा एमआर साहेबांना फोन आला. आमच्या क्लायंटशी संबंध नसलेली प्रेस नोट त्याच्या हातात होती: "हे खरंच पहिलं आहे का हो?" असे फोन वाढत गेले. ज्या बाईंनी नंबर ब्लॉक केला होता त्यांनीही साधारण वर्षाने एका इन्सुलिनच्या पेनबद्दल शंका विचारायला स्वतः फोन केला. ब्लॉकचा विषय दोघांनीही काढला नाही.

आज ते आमची सगळी आरोग्य खाती पाहतात. जुन्या नोकरीतल्या पगाराची बरोबरी व्हायला अडीच वर्षं लागली. तोवर कर्जाचे हप्ते पत्नीच्या शाळेच्या पगारातून गेले, आणि या प्रकरणात जोखीम कुणी घेतली असा प्रश्न असेल तर त्यांचं नाव आधी घ्यायला हवं.

वेगळं काय करता आलं असतं

त्यांचं म्हणणं असं: नोकरी सोडण्याआधी वर्षभर लिहायला सुरुवात करायला हवी होती. फिरतीत एसटीत आणि ओपीडीबाहेरच्या बाकड्यावर रोज दोन तास रिकामे जात. त्यात दिवसाला एक बातमी पुन्हा लिहिली असती, तर पहिले सहा महिने वाचले असते. पगाराचा खरा आकडा घरी रुजू झाल्यावर सांगितला, तोही आधी सांगायला हवा होता. हे सांगताना ते फार बारीक आवाजात बोलतात.

माझ्या बाजूने: त्यांना आधी क्लायंटकडे बसवायला हवं होतं, मग वार्ताहरांकडे. दुसऱ्या क्षेत्रातून आलेल्या माणसाला आपलं काय येत नाही याची जाणीव असते. जे फार चांगलं येतं त्यातलं काय इथे चालत नाही हे मात्र कुणी सांगेपर्यंत कळत नाही. भेटवस्तू, फोनच्या वेळा, एकदाच पाठवायचा मेल, हे मी आता पहिल्या सकाळी सांगते, बँकेतून आलेला असो की हॉटेलच्या फ्रंट ऑफिसमधून. मुलाखतीत एक प्रश्नही वाढवला आहे: तुमच्या कामात, समोरचा खोटं बोलतोय हे तुम्हाला कशावरून कळायचं? दोन वर्षांत याचं सर्वांत चांगलं उत्तर एका माजी मेडिक्लेम तपासनिसाने दिलं. ते पुढच्या महिन्यात रुजू होत आहेत.

त्या 'पहिल्या काहींपैकी एक' बद्दल मात्र माझं अजून ठरलेलं नाही. तसं लिहिलं असतं तर कदाचित क्लायंट राहिला असता, आणि वाक्य खोटंही ठरलं नसतं. एमआर साहेबांशी यावर अधूनमधून वाद होतो. ते रोज संध्याकाळी अजून डीसीआर भरतात, साध्या दोनशे पानी वहीत: कोण भेटलं, काय विचारलं, आपल्याला काय सांगता आलं नाही. शेवटचा रकाना त्यांनी इथे आल्यावर वाढवला. ऑफिसातल्या इतरांना मी तशी वही घालायला सांगून पाहिलं. आठवडाभर चाललं.